खोक्यातून आलेल्या मोटारी

४ डिसेंबर १९२८ रोजी शिवडीच्या एका कारखान्यातून शेव्हर्लेची उघड्या टपाची मोटार बाहेर आली. ‘नॅशनल सिरीज एबी’ हे तिचे कारखान्यातले नाव. जनरल मोटर्सने हिंदुस्थानात जोडलेली ही पहिली गाडी. तिचे इंजिन, तिची चासी, पुढचा-मागचा आस, दारांचे पत्रे असे सगळे लाकडी खोक्यांत भरून जहाजाने आले होते. शिवडीत ती खोकी फोडली गेली आणि इथल्या कामगारांनी एकेक भाग जागेवर बसवून गाडी उभी केली.

मोटारधंद्यात या पद्धतीला ‘सीकेडी’ म्हणतात, म्हणजे पूर्ण सुटी करून पाठवलेली गाडी. छोट्या मापाची मोटार घरी टेबलावर जोडणाऱ्या छांदिष्टाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. खोके उघडायचे, यादीशी भाग ताडून पाहायचे, चित्रांबरहुकूम क्रमाने जोडत जायचे आणि एखादा भाग कमी निघाला तर हात चोळत बसायचे किंवा तो स्वतः घडवायचा. विसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईच्या उपनगरांत, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आणि गोरेगावपासून कांदिवलीपर्यंत, हेच काम पूर्ण मापात चालले होते. या देशाने मोटार बनवायची विद्या बऱ्याच अंशी अशी खोकी फोडत आणि कमी पडलेला भाग घडवत मिळवली. तिच्या इतिहासात कारखानदारांची नावे ठळक अक्षरांत येतात. सुटा भाग बनवणारे, बसवणारे आणि विकणारे मात्र समासात राहतात, आणि ते बरोबर नाही.

खोक्यांमागचे गणित सोपे होते. अख्खी मोटार जहाजावर चढवली तर बरेचसे भाडे तिच्या आतल्या रिकाम्या जागेचेच भरावे लागते. तीच सुटी करून भरली तर जागा कमी लागते, सुट्या भागांवर जकातही कमी बसते, आणि टायर, बॅटरी, गाद्या, रंग असा माल स्थानिक बाजारातून घेता येतो. जनरल मोटर्सपाठोपाठ फोर्डनेही मुंबईत जोडणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात या दोन्ही कंपन्यांनी सैन्यासाठी मोठ्या संख्येने ट्रक जोडले. गाड्या इथे जुळत होत्या, पण त्या घडवण्याचे ज्ञान डेट्रॉइटमध्येच राहत होते.

हे ज्यांना खुपत होते त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या अग्रणी होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे विद्यार्थी आणि मुंबई इलाख्यात वर्षानुवर्षे काम केलेले हे अभियंते. १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून त्यांनी मुंबईत मोटारीचा कारखाना काढण्याची योजना तयार केली. १९३७ साली आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तिला पाठिंबा दिला. उद्योजक म्हणून पुढे आले सोलापूरचे वालचंद हिराचंद. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले, फोर्डशी त्यांची बोलणी फिसकटली आणि क्रायस्लरशी जमली. तोवर युद्ध सुरू झाले होते, आणि दिल्लीच्या गोऱ्या सरकारला हिंदी मालकीचा मोटार कारखाना नको होता. युद्धाला वाहने हवी होती, ती विदेशी कंपन्यांच्या खोक्यांतून मिळतच होती. वालचंदांची योजना रखडली ती या कारणाने.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला काही महिने उरले असताना, कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या जातकुळीची पहिली वाहने बाहेर पडली. डॉज, डिसोटो, प्लिमथ आणि फार्गो ही नावे पुढे महाराष्ट्राच्या घाटरस्त्यांवर चांगलीच रुळली. पण वालचंदांचा कारखानासुद्धा सुरुवातीला खोकीच फोडत होता. याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. ज्या देशात मोटारीच्या दर्जाचा पोलादी पत्रा, कार्ब्युरेटर किंवा बॉल बेअरिंग सहज मिळत नव्हते, तिथे पहिल्या दिवसापासून अख्खी गाडी घडवणार कशी?

त्याच सुमारास मुंबईत दुसरीकडेही खोकी उतरत होती. ३ जून १९४९ रोजी माझगावात महिंद्र अँड महिंद्रने विलिज जीप जोडून बाहेर काढली. पुढे कंपनीचे काम कांदिवलीच्या आकुर्ली रोडवर वाढले आणि १९६३ नंतर तिथे ट्रॅक्टरही बनू लागले. भांडुपला १९४९ मध्ये ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया उभी राहिली. ब्रिटनच्या रूट्स गटाच्या हिलमन मोटारी जोडण्यासाठी काढलेल्या या कंपनीने नंतर इटलीची लँब्रेटा स्कूटर हाती घेतली आणि तिच्यावरच नाव मिळवले. गोरेगावात १९५८ पासून बजाज टेम्पोने हँबर्गच्या कंपनीच्या रचनेची ‘हॅन्सीट’ ही तीनचाकी मालगाडी बनवायला घेतली, आणि काही वर्षांनी बाडबिस्तरा आकुर्डीला हलवला. म्हणजे आज अंधेरीहून बोरिवलीला किंवा घाटकोपरहून मुलुंडला लोकलने जाणारा प्रवासी ज्या पट्ट्यातून जातो, तो एके काळी देशाच्या मोटारउद्योगाची पाठशाळा होता.

या पाठशाळेची कडक परीक्षा १९५३ मध्ये झाली. टॅरिफ कमिशनने शिफारस केली आणि सरकारने ती मान्य केली: गाडीचे भाग टप्प्याटप्प्याने देशात बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यालाच धंदा करता येईल, नुसती खोकी फोडणाऱ्याला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळला. शिवडीची पंचवीस वर्षांची जोडणी थांबली. प्रीमियर, महिंद्र, भांडुपची एपीआय, कोलकात्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड अशा मोजक्या कंपन्या उरल्या. भांडुपची हिलमनही पुढे या चाळणीतून गळली.

या धोरणावर पुष्कळ टीका झाली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. स्पर्धा मेली, गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे राहिले, गाड्या जुन्याच राहिल्या. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खोक्यातला एकेक भाग वगळून त्याच्या जागी देशी भाग आणायचा, तर तो बनवणारा कुणीतरी शोधावा लागतो, नाहीतर तयार करावा लागतो. कुर्ल्याच्या खरेदी खात्याने नेमके हेच केले. पूर्व उपनगरांतून जाणारा जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, या कामाचा कणा झाला. भांडुपला १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सिएट टायर्सचा कारखाना आला. ही कंपनी मूळची इटलीतल्या तुरिनची, आणि प्रीमियरने जिच्याशी सोयरीक केली ती फियाटही तुरिनचीच. इटलीतले शेजारी मुंबईत पुन्हा एकाच रस्त्यावर आले. मुलुंडला १९६१ मध्ये गॅब्रियल इंडिया सुरू झाली आणि देशी गाड्यांचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिथे बनू लागले. मोठ्या कारखान्यांच्या आडोशाला घाटकोपर, साकीनाका, कुर्ला इथल्या गाळ्यांत लेथ मशिनी फिरू लागल्या. बुश, पिना, वॉशर, स्प्रिंगा, रबरी गॅस्केट अशा ज्या वस्तूंची नावे जाहिरातीत कधी येत नाहीत, त्यांच्यावर तिथल्या हजारो घरांच्या चुली पेटल्या.

फियाटशी संबंध १९५१ च्या सुमारास जुळला. आधी इवलीशी फियाट ५०० आली, मग १९५४ पासून ‘११००’. तिच्या गुबगुबीत, पुढे नाक काढलेल्या तोंडामुळे महाराष्ट्राने तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले, आणि ते नाव लाडाचेच होते. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूला, म्हणजे मागच्या बिजागरीवर उघडत. जुन्या गाड्या जपणारे आजही त्या दरवाजांवरून तिची परीक्षा करतात. १९६४ मध्ये ‘११०० डी’ची देशी आवृत्ती ‘डिलाइट’ नावाने आली: कोनदार अंग, मागे छोटे पंख, १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरच चार गिअर. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला उचलून धरले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावरचे फियाट हे नाव गेले, काही काळ ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. बोलताना मात्र मुंबईकर अखेरपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिला.

या प्रवासात साचे फार महत्त्वाचे. मोटारीचा पत्रा दाबून आकार देणारे पोलादी साचे हा गाडी बनवण्यातल्या सर्वांत महाग ऐवजांपैकी एक असतो. ते एकदा आले की त्यांची किंमत वसूल होईपर्यंत, आणि आपल्याकडे त्याच्याही पुढे कितीतरी वर्षे, तीच गाडी निघत राहते. इंग्लंडने टाकून दिलेली मॉरिस ऑक्सफर्ड कोलकात्याजवळ अ‍ॅम्बॅसिडर होऊन जगली, तुरिनने १९६६ मध्ये थांबवलेली ११०० डी कुर्ल्यात पद्मिनी होऊन.

नवल असे की खेळण्यातल्या मोटारींनीही हीच वाट धरली. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या ‘डिंकी’ गाड्या जगभरच्या मुलांच्या परिचयाच्या. आयातीवरच्या निर्बंधांमुळे त्या इथे मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे निवृत्त साचे कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉईज’ नावाच्या धातूच्या गाड्या निघू लागल्या. साच्यातले ‘डिंकी’ हे नाव खरवडून काढले जाई, त्याच्या खुणा गाडीच्या पोटाशी दिसत. आज युरोपातले संग्राहक या निकी गाड्या शोधत असतात, आणि त्यांचे मोल त्या ओबडधोबड खुणांमुळेच वाढते. पुढे व्हीआयपी बॅगा बनवणाऱ्या मुंबईच्या ब्लो प्लास्टने लिओ नावाने खेळणी काढली आणि मॅटेलशी हातमिळवणी करून ‘हॉट व्हील्स’ इथे आणल्या. त्यांतही जुने साचे होते आणि मूळ गाडीवर कधी नसलेले भडक रंग होते. मोठ्या मोटारींचे अर्थकारण समजून घ्यायचे तर ही छोटी गाडी हातात धरून तिचे पोट पाहावे. धोरण, परवाना, साच्याचे वय, सगळे तिथे उमटलेले असते.

कुर्ल्याच्या कारखान्यातले जीवन हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. १९५८ मध्ये आर. जे. मेहता यांच्या नेतृत्वाखाली इथे तीन महिन्यांहून अधिक चाललेला संप झाला आणि त्याच्या पाठिंब्याला साऱ्या मुंबईतले कामगार एक दिवस काम बंद ठेवून उभे राहिले. प्रोत्साहन वेतनाच्या करारावरून दोन युनियनांत उद्भवलेला इथलाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यावरचा १९७५ चा निकाल कामगार कायद्याच्या विद्यार्थ्याला आजही वाचावा लागतो. मोटारीची किंमत सरकारने किती ठरवावी, हा प्रीमियरचा दावाही त्याच दशकाच्या सुरुवातीला तिथवर पोहोचला होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डॉ. दत्ता सामंत इथे आले. देवबागचा हा कोकणी डॉक्टर घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवत असताना दगडखाणीतल्या मजुरांची दुखणी पाहून चळवळीत ओढला गेला होता आणि १९७२ मध्ये मुलुंडमधून आमदार झाला होता. प्रीमियरमधल्या पगारवाढीच्या करारांनी त्यांचा दबदबा साऱ्या इंजिनिअरिंग पट्ट्यात पसरला. पुढे त्यांनी चालवलेल्या कापड गिरण्यांच्या संपामुळे त्यांचे नाव परळ-लालबागशी जोडले गेले, पण त्यांची घडण या उपनगरांतली.

कारखान्याबाहेर बाजार होता, आणि जुन्या गाड्या जगल्या त्या त्याच्या जोरावर. नव्या भागांसाठी ऑपेरा हाऊसची दुकाने, जुन्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. अपघातात चेपलेल्या किंवा आयुष्य संपलेल्या गाड्या तिथे सुट्या होतात. जोडणीची रांग कुर्ल्यात जशी पुढे धावे, तशीच तिच्यापासून थोड्या अंतरावर ती उलटी धावत होती: दार वेगळे, बॉनेट वेगळे, गिअरबॉक्स वेगळा. गिऱ्हाईकाला तिथे तीन भाव सांगितले जातात, कंपनीच्या मालाचा, डुप्लिकेटचा आणि जुन्याचा. टॅक्सीवाला बहुधा तिसरा भाव विचारी, मिस्त्रीला बरोबर घेऊन येई आणि भाग डोळ्यांपेक्षा बोटांनी पारखून घेई. डेंटिंगवाल्याचा लाकडी हातोडा, रंगवाल्याचा कॉम्प्रेसर, गादीवाल्याची शिलाई मशीन, मीटर दुरुस्त करणारा, या सगळ्यांनी मिळून पद्मिनीला दर काही वर्षांनी नवे अंग दिले. इतक्या वेळा भाग बदललेली गाडी मूळची कितपत राहते, हा प्रश्न तत्त्वज्ञाने जरूर विचारावा. आरटीओला चासी नंबर पुरत असे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली आणि कुर्ल्याचे दिवस फिरले. प्रीमियरने ११८ एनई आणली, १९९६ मध्ये पद्मिनीत इटालियन डिझेल इंजिन बसवून पाहिले, प्यूजोबरोबर डोंबिवलीजवळ वेगळा कारखाना चालवला. त्याने काळ थांबला नाही. कुर्ल्याचा कारखाना फियाटकडे गेला, तिथून उनो, सिएना आणि २००१ मध्ये पालिओ निघाली. २००० च्या आसपास शेवटची पद्मिनी बनली. त्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी उभी आहे.

तरीही आणखी एक किट यायचे होते. मुंबईच्या धुराविरुद्ध नागरिकांनी केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. एम. लाल समिती नेमली, आणि त्यानंतरच्या आदेशांनी जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळणे भाग पडले. कित्येक दशकांपूर्वी आखलेल्या इंजिनाला एकविसाव्या शतकाचे गॅसकिट बसवायचे काम गॅरेजवाल्यांच्या हाती आले: रेग्युलेटर, मिक्सर, पोलादी नळ्या, आणि डिकीत आडवी सिलिंडर टाकी. डिकी भरली, म्हणून प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरियरवर गेल्या. दादर टर्मिनसबाहेर बॅगा दोरीने आवळून बांधणारा ड्रायव्हर ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी या आदेशाचा परिणामच पाहिला. कुर्ल्याच्या अभियंत्यांनी ज्याचा विचारही केला नसेल असा हा बदल त्या गाडीने निमूटपणे पचवला. एवढी सोपी, उघडी, कुणालाही समजेल अशी तिची रचना होती, आणि तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय मालकापेक्षा या रचनेला आणि मिस्त्रीला जास्त जाते.

काळीपिवळी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत उभी राहिली. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी संपली. निदान एक तरी गाडी जतन करावी, अशी टॅक्सीमेन्स युनियनने सरकारकडे मागणी केली होती. ती रास्त होती, आणि अपुरीही. नुसती पॉलिश केलेली गाडी काचेआड ठेवून भागणार नाही. कुर्ल्याचे पार्ट्स कॅटलॉग, त्यांतली भाग सुटे करून दाखवलेली रेखाचित्रे, पुरवठादारांच्या याद्या, जोडणीचे जिग, आणि त्या रांगेवर काम केलेल्या निवृत्त फिटरांच्या आठवणी हेही जपले पाहिजे. ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. हे काम पुढच्या दशकावर टाकता येणार नाही.

दरम्यान छोट्या मापात पद्मिनी टिकून आहे. जगभरच्या टॅक्सींच्या १:४३ मापाच्या मालिकांत मुंबईची काळीपिवळी येऊन गेली आहे. खऱ्या गाडीची लांबी ३.९३ मीटर, म्हणजे या मापात जेमतेम नऊ सेंटिमीटर. १:२४ मध्ये सोळाच्या थोडी वर. तयार नमुन्यावर समाधान न मानता स्वतः गाडी घडवणारे आधी साल ठरवतात, कारण सालानुसार सुटे भाग बदलतात. १९६४ ची करायची तर ‘डिलाइट’ची चकचकीत जाळी, फियाटचे चिन्ह आणि कोरा टप हवा. ऐंशीच्या दशकातली हवी असेल तर पद्मिनीचे नाव, डाव्या बाजूला बाहेर बसवलेला झेंड्याचा मीटर आणि दारावर परवान्याचा क्रमांक. २००३ नंतरची असेल तर टपावर लोखंडी कॅरियर, मागच्या काचेवर सीएनजीची खूण आणि डिकी उघडी ठेवणार असाल तर आत टाकी. हे भाग बाजारात तयार मिळत नाहीत. पितळी तार वाकवून कॅरियर करावे लागते, मीटर राळेत ओतावा लागतो किंवा त्रिमिती छपाईने काढावा लागतो, आणि पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरे नऊ सेंटिमीटरच्या गाडीवर वाचता येतील अशी छापून घ्यावी लागतात.